आत्याचे राणीछाप रुपये

आत्या गेल्यानंतर वर्षश्राद्ध झालं आणि तिच्या देवघरातल्या चांदीच्या रुपयांचा विषय निघाला. आतेभावाने सुटसुटीत तोडगा काढला. "सगळे राणीछापच तर आहेत. काट्यावर टाकू आणि तीन वाटे करू." हिशोब म्हणून ते बरोबरच होतं. इंग्रजी अमलातला रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे नेमका एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. आजीच्या औषधांच्या वहीत 'रुपयाभार सुंठ' असं लिहिलेलं असायचं ते उगाच नाही. पण पिशवी उघडली तर वरच्याच दोन रुपयांवरची व्हिक्टोरिया राणी दोन तऱ्हेची. एकीचं नुसतं डोकं, केस मागे बांधलेले. दुसरी मुकुट घातलेली, अंगात भरजरी पोशाख. मी म्हटलं, "दादा, वाटण्या होतील सावकाश. आधी काय काय आहे ते बघू दे मला." कुणालाच घाई नव्हती, त्यामुळे पिशवी माझ्याकडे आली.

नाण्यांचा नाद मला आहे, पण तो शिवराईचा. तांब्याच्या हातघडणीच्या पैशांत दोन नाणी एकसारखी सापडत नाहीत, त्यामुळे शिवराईवाले कलदार रुपयाकडे बघून जरा नाकच मुरडतात. यंत्रावर पाडलेलं नाणं, त्यात काय बघायचं! खरं तर १८३५ च्या कायद्याने कंपनीने एकाच वजनाचा, एकाच कसाचा रुपया सगळीकडे चालू केला तो याचसाठी, की कुणाला बघावं लागू नये. त्याआधी आपल्याकडे अंकुशी, चांदवडी, सुरती असे कितीतरी रुपये चालायचे आणि प्रत्येकाचा बट्टा, म्हणजे किती घट धरून तो घ्यायचा, ते ठरवायला सराफ लागायचा. कलदाराने सराफाचं ते काम संपवलं. पण टांकसाळी तीन होत्या, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास. ठसे, म्हणजे नाणं पाडायचे साचे, वर्षानुवर्षं बदलत गेले आणि नाण्यावरचं साल मात्र बदललं नाही. नाण्यावर जे लिहिलंय आणि ते खरं जिथे, ज्या वर्षी पडलं, या दोन गोष्टींत अंतर पडलं. तेच शोधायचं असतं.

सगळ्यात आधी कुंकू. आत्याचे रुपये दर लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडले जायचे, हळद-कुंकू वाहिलं जायचं, आणि आदल्या दिवशी चिंचेने लख्ख धुतले जायचे. चिंचेपर्यंत ठीक होतं म्हणू, पण मधली काही वर्षं त्यांना रांगोळीही लागलेली दिसत होती. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. भिंगाखाली धरलं की राणीच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेघांचं रान दिसतं. चलनात फिरून झिजलेल्या नाण्यावर ओरखडे असतात, पण ते दाही दिशांना असतात. एका दिशेच्या रेघा दिसल्या की समजायचं, हे कुणीतरी घासलंय. त्यावर इलाज नाही. जुन्या चांदीवर येणारी काळपट, कडेला निळसर-तपकिरी होत जाणारी झाक एकदा गेली की परत यायला पिढ्या जातात. तिच्या जागी जो दुधट पांढरेपणा येतो तो लग्नातल्या ताटाला शोभतो, नाण्याला नाही.

खोबणींत अडकलेलं कुंकू-तेल मात्र काढायलाच हवं होतं, कारण त्याखाली काय आहे तेच दिसत नव्हतं. औषधाच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणलं, रसायनांच्या दुकानातून शुद्ध अ‍ॅसिटोन. आधी रात्रभर पाण्यात, मग काचेच्या वाटीत अ‍ॅसिटोनमध्ये, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. ब्रश नाही, कापड नाही, अंगठा तर नाहीच. दुसऱ्या अ‍ॅसिटोनमधून काढून मऊ टिश्यूवर नुसतं ठेवायचं, पुसायचं नाही. वाटीच्या तळाशी लाल गाळ बसला. चांदीला अ‍ॅसिटोन काही करत नाही, झाकही जात नाही. फक्त तेल आणि घाण सुटते.

वजनं घेतली ती दोन दशांशांच्या छोट्या काट्यावर. बहुतेक रुपये ११.४ आणि ११.६ च्या मध्ये. यातही एक जुना निकष हाताशी होता. १९०६ च्या नाणे कायद्यानुसार दोन टक्क्यांहून जास्त घटलेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे. दोन टक्के म्हणजे सुमारे ०.२३ ग्रॅम. म्हणजे ११.४३ च्या खाली उतरलेला रुपया खजिन्याच्या दृष्टीने निवृत्त. आत्याच्या पिशवीत असे निवृत्त चार-पाच होते आणि त्यांच्यावर राणीचं नाकही धड उरलं नव्हतं. वजन आणि नजर यांची अशी साक्ष जुळली की बरं वाटतं. एका रुपयाचं जुळत नव्हतं. दिसायला बराच धड, पण वजनाला हलका. त्याच्यावर मी नंतर येते.

कस तपासायला पाण्याची जुनी युक्ती पुरते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग रुपया दोऱ्याने बांधून पाण्यात तळाला न टेकवता लोंबता धरायचा. काटा जो आकडा दाखवतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता. एक रुपया ११.५२ ग्रॅमचा, पाण्यात आकडा १.१२, भागाकार १०.२९. या रुपयात ९१.७ टक्के चांदी आणि उरलेलं तांबं, त्याची घनता १०.३ च्या आसपास यायला हवी. आली. १९४० नंतरचा सहाव्या जॉर्जचा रुपया असता तर साडेनऊच्या आसपास आली असती, कारण युद्धाच्या काळात चांदी निम्म्यावर आणून तांबं, निकेल आणि जस्त घातलं गेलं. जर्मन सिल्व्हरची नक्कल तर नऊच्याही खाली जाते. सराफ हेच काम दगडावर रुपया वाजवून करतात आणि त्यांचा कान काट्याइतकाच खात्रीचा असतो. माझा नाही.

मग मूळ काम. तीन ढीग केले.

पहिला १८४० चा. मुकुट नसलेली तरुण राणी, मागे पानाफळांच्या हारात 'वन रुपी', फारसीत रुपया आणि भोवती ईस्ट इंडिया कंपनी. साल सगळ्यांवर १८४०, पण हे नाणं त्याच सालाने जवळजवळ बावीस वर्षं पडत राहिलं. गंमत अशी की १८५८ मध्ये कंपनीचं राज्य संपलं तरी कंपनीचं नाव चांदीवर आणखी चार वर्षं छापलं जात होतं. यातले मुख्य दोन प्रकार भिंगाशिवाय कळतात. एकात 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरं डोक्यावरून सलग कमानीसारखी जातात. दुसऱ्यात डोकं मधे येऊन दोन तुकडे होतात, डावीकडे 'व्हिक्टोरिया' आणि उजवीकडे 'क्वीन'. सलगवाले आधीचे, तुटकवाले साधारण १८५० नंतरचे. म्हणजे 'माझ्याकडे १८४० सालचा रुपया आहे' असं सांगणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा १८५७ च्या धामधुमीच्या आगेमागे पडलेलं नाणं असतं, जे मला तरी जास्त रंजक वाटतं. आत्याचे सगळे तुटक अक्षरांचेच निघाले. पुढची पायरी म्हणजे मानेच्या कापावर ठसेकार विल्यम वायनची 'डब्ल्यू. डब्ल्यू.' ही आद्याक्षरं उठावात आहेत की खोलगट, आणि हारातली फळं किती. फळं मोजणं हे सुईत दोरा ओवण्याइतकंच चिकाटीचं काम आहे. दोन रुपयांवर मोजता आली, बाकीच्यांवर हार असा सपाट झाला होता की फळ कुठलं आणि पानाचा देठ कुठला ते सांगणं प्रामाणिकपणाचं झालं नसतं.

दुसरा ढीग सगळ्यात मोठा, १८६२ चा. आणि माझा बहुतेक वेळ इथेच गेला. राणीच्या थेट अमलातलं हे पहिलं नाणं. मुकुट, गळ्यात हार, वेलबुट्टीचा पोशाख, मागे नक्षीच्या चौकटीत 'वन रुपी इंडिया १८६२'. हेही साल गोठलेलं. १८७४ पर्यंत रुपयावर १८६२ च येत राहिलं. तीनही टांकसाळींनी ते पाडलं, मद्रासची टांकसाळ १८६९ मध्ये बंद झाली. कुठेही टांकसाळीचं अक्षर नाही. मग ओळखायचं कसं?

मुंबईच्या टांकसाळीने एक सोय करून ठेवली आहे. मागच्या बाजूला सालाच्या खाली, आणि काही नाण्यांवर वरच्या भागातही, बारीक ठिपके दिले. साल तेच ठेवून, प्रत्यक्षात नाणं कुठल्या वर्षी पडलं याची खूण म्हणून हे ठिपके वाढत गेले असं सर्वसाधारणपणे मानतात. संग्राहक ते वर किती आणि खाली किती असं तिरकी रेघ देऊन लिहितात. काही जोड्या ढिगाने मिळतात, काही क्वचित. याशिवाय समोरच्या बाजूला पोशाखाच्या पुढच्या पट्टीत चौकटी किती, शेवटची पुरी आहे की कापलेली, यावरून राणीचे वेगवेगळे ठसे ओळखतात. मागच्या बाजूला नक्षीतल्या फुलांवरून.

कॅटलॉगमधली चित्रं बघितली की हे सगळं सोपं वाटतं. तिथलं नाणं नुकतं टांकसाळीतून आल्यासारखं असतं. आपल्या हातातलं नाणं मात्र बाजार, सावकाराची तिजोरी आणि देवघर फिरून आलेलं. म्हणून मी अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात जाऊन बसले. नाशिककरांना त्र्यंबकच्या रस्त्यावर ती पाटी दिसते, पण आत फार कमी जण वळतात; परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये उभी राहिलेली ही संस्था आपल्या दारात आहे याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. तिथे चित्रांवरून टिपणं काढली आणि घरी येऊन झिजलेल्या नाण्यांवर ती लावू लागले, तेव्हा एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. झीज वरून खाली येते. राणीचे भुवईवरचे केस, गाल, मुकुटाची कमान, छातीवरची वेलबुट्टी हे सगळं नाण्याचं डोंगरमाथं. ते आधी जातं. पोशाखाच्या चौकटी नेमक्या या माथ्यावर आहेत, त्यामुळे राणीचा ठसा कुठला हे चांगल्या नाण्यावरच कळतं. ठिपके मात्र खोल मैदानात, सालाच्या आकड्यांच्या आणि नक्षीच्या आडोशाला. चेहरा पुसून गेलेल्या रुपयावरही ते उरतात.

यावरून मी माझ्यापुरता क्रमच उलटा केला. आधी मागची बाजू बघायची, तीही तळापासून वर. टेबलावर एकच दिवा, नाण्याच्या पातळीपासून जेमतेम वितभर उंच, म्हणजे उजेड आडवा पडतो. नाणं हळूहळू गोल फिरवायचं. खरा ठिपका उठावाचा असतो, गोल असतो, आणि नाणं फिरवलं की त्याची सावली त्याच्याभोवती फिरते. खड्डा असेल तर सावली आतल्या बाजूला पडते. ठसा गंजल्याने आलेला पुळीसारखा उंचवटा वेडावाकडा असतो आणि सहसा एकटा नसतो, शेजारी दोन-चार भावंडं असतात. शिवाय खरे ठिपके मध्यरेषेच्या मानाने काहीतरी नेमाने बसवलेले असतात. एका रुपयावर सालाखाली मला आधी तीन ठिपके दिसले. अ‍ॅसिटोनमधून पुन्हा काढल्यावर मधलाच विरघळला. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी पूजेतलं कुंकू असणार ते! दोन ठिपक्यांचा निघाला, पण ते दोन इतके स्वच्छ की मोबाइलच्या फोटोतही मोजता यावेत.

तिसऱ्या ढिगाला वेळ लागला नाही. साल १८७४ पासून दरवर्षी खरं येऊ लागलं आणि १८७७ पासून राणी 'एम्प्रेस' झाली. मुंबईच्या नाण्यांवर तळाच्या नक्षीत बारीक 'बी' सापडतो, कधी उठावात, कधी खोलगट. १८९३ मध्ये सरकारने लोकांकडून चांदी घेऊन रुपये पाडून द्यायचं बंद केलं, त्यामुळे नव्वदीच्या उत्तरार्धाचा रुपया पिशवीत नसला तर आश्चर्य नाही, नव्हताच. पाचव्या जॉर्जचा एकच होता, १९१२ चा, मागे तळच्या कमळाखाली मुंबईचा टिंब. तो बाहेर काढल्याबरोबर माझ्या भाच्याने विचारलं, "मावशी, हा डुक्करछाप का?" १९११ च्या रुपयावर राजाच्या पोशाखातल्या हत्तीची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना डुक्कर दिसलं, बोभाटा झाला आणि नाणी मागे घेऊन वितळवली. जेमतेम सात लाख बाहेर गेली होती. १९१२ च्या ठशात हत्तीला नीट सोंड आणि कान मिळाले. आमचा हत्ती सभ्य होता. भाचा हिरमुसला.

आता दर्जा, म्हणजे नाणं किती शाबूत उरलंय ते. प्रकार ठरवणं आणि दर्जा ठरवणं ही दोन कामं एका बैठकीत करू नयेत असं माझं मत झालं आहे. दुर्मीळ ठिपका सापडला की डोळे लगेच उदार होतात आणि 'फाइन'चं 'व्हेरी फाइन' होतं. मी प्रकार एका दिवशी लिहून ठेवले, दर्जा आठवडाभराने, पाकिटावरचं आधीचं लिहिलेलं झाकून. समोरची बाजू आणि मागची बाजू स्वतंत्र. भुवईवरचे केस नुसत्या रेघेपुरते उरलेत आणि पोशाखाची नक्षी अर्धी गेलीय, तर 'फाइन'. केसांच्या बटा सुट्या दिसतात, मुकुटावरचे मोती मोजता येतात, फक्त माथे चपटे झालेत, तर 'व्हेरी फाइन'. नक्षी सगळी उभी, झीज फक्त गालावर आणि कमानीवर तिरक्या उजेडात कळण्याएवढी, तर 'एक्स्ट्रा फाइन'. तसा एकच निघाला. त्याच्यावरचा मुकुट सपाट होता, म्हणून मी आधी थबकले, पण सपाट भागावरही मूळ चकाकी होती आणि शेजारच्या बटा धारदार. झिजलेल्या भागावर चकाकी राहत नाही. म्हणजे तो ठोका हलका बसलेला, झीज नव्हे.

आणि तो हलका रुपया. राणी सुरेख, 'व्हेरी फाइन'च्या वरची. कडेच्या रेघांवरून नख फिरवत गेले तर बारा वाजण्याच्या जागी नख अडखळलं नाही, घसरलं. भिंगाखाली तिथे रेघा कानशीने घासलेल्या, आणि कडेच्या आत किंचित पिवळसर डाग. कधीतरी याला टाक्याने कडी जोडून हारात ओवलं होतं, मग टाका सोडवून कड साफ केली. घटलेलं वजन त्या कानशीने नेलं.

खात्रीसाठी हा आणि आणखी चार रुपये घेऊन सराफ बाजारातल्या एका जुन्या पेढीवर गेले. गादीवरच्या काकांनी तो हातात घेतला, फिरवला आणि भिंग न लावता अंगठा बरोबर त्याच जागी ठेवला.

"टाका आहे, ताई."

"हो ना काका. बाकी छान आहे की."

"छान आहे. बायकोच्या गळ्यात छान होता. नाणं म्हणून विचाराल तर चांदीच." मग दुसरा उचलला, राणीच्या मानेजवळची एक बारीक छिन्नीची खूण दाखवली. "ही आमच्यातल्याच कुणाची. आत तांबं आहे का बघितलंय."

"म्हणजे हाही बाद?"

"बाद कशाला? तपासून पास केलेला आहे तो!" असं म्हणून ते हसले. बाजारात अशा खुणेने किंमत उतरते हे त्यांनाही ठाऊक आहे, मलाही. पण मी माझ्या वाट्याला तो मागून घेतला.

दोन ठिपक्यांच्या रुपयाकडे त्यांनी ठिपके बघण्यापुरतंही पाहिलं नाही. "मोडीत यायचे तेव्हा पोत्याने यायचे हे. कोण ठिपके मोजत बसतंय!" खरंच आहे. चांदीचा भाव चढला की हे रुपये वितळतात, आणि कुठला प्रकार किती उरला याचा हिशोब दरवेळी थोडा बदलतो.

घरात बातमी पसरल्यावर 'जुन्या नाण्याला लाखो रुपये' छापाचे निरोप सगळ्यांनी मला पाठवले. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर करूनही, की आपला अशा खरेदी-विक्रीशी काही संबंध नाही, तिचं नाव घेऊन शुल्क मागणारे संपलेले नाहीत. भावाने विचारलं, परदेशातल्या कंपनीकडे पाठवून प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद दर्जा घेऊन आणू का? तेही नाही. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते आपण पोस्टाने देशाबाहेर धाडायचं नसतं. आणि कडेला टाका असलेल्या किंवा रांगोळीने घासलेल्या नाण्याला तिथेही आकड्याचा दर्जा मिळत नाही, नुसता 'घासलेलं' किंवा तसाच दोषाचा शेरा मिळतो.

शेवटी वाटण्या वजनावर झाल्या नाहीत. प्रत्येक रुपया वेगळ्या पाकिटात, वर साल, प्रकार, दोन्ही बाजूंचा दर्जा, वजन आणि शेरा. पाकिटं पीव्हीसी नसलेली घेतली, कारण मऊ पीव्हीसी काही वर्षांत हिरवट चिकटा सोडतं. दादाने आपल्या वाट्याचे तीन लक्ष्मीपूजनासाठी बाहेर ठेवले, ते मुद्दाम निवृत्त वजनाचे दिले. त्यांना आता चिंच लागली काय आणि कुंकू लागलं काय, काही बिघडत नाही. रांगोळी तेवढी लावू नको म्हटलं.

१८६२ च्या ढिगातले सहा रुपये मात्र माझ्या वहीत अजून अर्धवट आहेत. ठिपका एकही नाही, पोशाखाच्या चौकटी गेलेल्या, नक्षीतली फुलं पुसट. कलकत्त्याचे असतील, मद्रासचे असतील, मुंबईचे ठिपके सुरू व्हायच्या आधीचेही असतील. त्यांच्यापुढे वजन आणि दर्जा लिहिलाय, टांकसाळीच्या रकान्यात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. दोघांवर फुलाची एक पाकळी जराशी उरल्यासारखी वाटते. थंडीतला सकाळचा तिरपा उजेड खिडकीतून यायला लागला की ते दोन पुन्हा काढणार आहे.